पाठीमागची बक्कलं

थोरलीच्या कमरेच्या मणक्यातली गाठ निघाली, ती साधी ठरली, इथवर सगळं छान झालं. पण गाठ काढताना मागचं हाडही थोडं कापावं लागलं होतं. उरलेले मणके जागेवर टिकतात की सरकतात, ते काही महिन्यांनीच कळणार होतं. सरकले, तर पुन्हा पाठ उघडून स्क्रू टाकायचे. तोवर कडक पट्टा, आणि तोही अंथरुणात कुशीवर असतानाच बांधायचा. त्याशिवाय उठायचं नाही.

पट्ट्याची बक्कलं पाठीमागे होती आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ रोज पोस्टात कामाला जाताना किल्लीने दार उघडून आत येऊ लागली. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघींचं बोलणं जिन्यात मान हलवण्यापुरतंच उरलं होतं.

"ताई, श्वास सोडा."

"एकदाच सोडीन, तेव्हा सुटशील."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलता! पोट आत घ्या. एकटीच्या स्वयंपाकात एवढं पोट येतं कुठून?"

"तुझ्या भावजींच्या वाटणीचंही मीच खाते."

धाकटी हसत गादीला गुडघा टेकवून बक्कल ओढायची. तिची बोटं गार असत. पोस्टमास्तरांच्या नव्या टोपाची गंमत अर्धीमुर्धी सांगून ती पळायची. मग दुसऱ्या सकाळपर्यंत थोरलीशी कुणी बोलत नसे.

एकदा धाकटी म्हणाली, "लोकांचे जुने कोट उसवून नवे करता तुम्ही. ही बक्कलं पुढे घेतलीत तर तुमचं तुम्हालाच बांधता येईल की."

"दवाखान्याच्या वस्तूला कात्री लावू नये."

पहिल्याच आठवड्यात थोरलीने पट्टा उलटासुलटा करून पाहिला होता. तासाभराचं काम होतं. तिने तो तसाच पुन्हा उशाशी ठेवला होता.

तपासणीला ती एकटीच गेली. पुढे वाकवून, मागे वाकवून फोटो काढले. सर्जनने ते शेजारी-शेजारी लावले.

"तसूभरही हललेलं नाही. पट्टा सोडायचा आता."

"आणखी थोडे दिवस घातला तर?"

"तर स्नायू आळशी होतील. लोक हे ऐकून उड्या मारतात, आजी."

"उड्यांना परवानगी आहे का?"

सर्जन हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या सकाळी दारात किल्ली वाजली, तेव्हा थोरली पट्टा अंगाखाली सरकवून कुशीवर पडली होती. धाकटीने पहिलं बक्कल ओढलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

खोटं अगदी जिभेवर होतं. पण त्याची किंमत पाठीलाच मोजावी लागली असती.

"सोडायला सांगितलाय."

धाकटीचे हात थांबले. "मग बांधून का घेताय?"

"सवय."

"काय बाई तुम्ही!" धाकटीने बक्कल सोडलं, तिला दंडाला धरून उभं केलं. "अगदी शिपायासारख्या ताठ! सुटलात बाई. आणि मीही सुटले, दहा मिनिटं जास्त झोपेन." जाताना तिने किल्ली टेबलावर ठेवली.

पुढच्या सकाळी थोरली आपली आपण कुशीवर वळली, पाय खाली सोडून उभी राहिली. पाठीने कुरकुर केली नाही. तिने दोन कप चहा टाकला. जिन्यात चपला वाजल्या तशी तिने दार उघडलं. धाकटी पुढे गेलेली होती.

"चहा झालाय. येतेस?"

धाकटीने मान वर करून पाहिलं. "आज नको, ताई, उशीर झालाय. काही लागलं तर हाक मारा हं."

"काही लागत नाही," थोरली म्हणाली. चपलांचा आवाज खालच्या दरवाजापर्यंत गेला आणि थांबला.