पोरीचा मामा

"आता दुःख काय ऑनलाइन मागवू?" कंपनीच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीतली बाई फोनवर कुरकुरत होती. "गौरांगला आम्ही कधी काही कमी पडू दिलं नाही, तेच चुकलं बघ. मुलाखतीत आयुष्यात संघर्ष काय केला म्हणून विचारलं, तर हा म्हणे, दहावीत चष्मा लागला!"

जयाला हसू आलं. तिनं ते पदराआड दाबलं आणि लगेच तिचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत नीट होतं, बाहेर डोकावत नव्हतं.

तिच्या मिनलकडे सांगायला भलंमोठं दुःख होतं. फक्त ते खरं नव्हतं.

मुलाखतीच्या क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना आपापली गोष्ट लिहून आणायला सांगितली होती. मिनलनं आधी खरीच लिहिली. कामठीतले माग बंद पडले, बाबा घरी बसले, आई साड्यांना फॉल-पिको करते, पोळ्या बाबा लाटतात. सरांनी वाचून कागद परत केला. "बाप पोळ्या लाटतो, यात रडायचं काय? लोक हसतील." मग मिनलनं मुलाखतीत बाबांना मारून टाकलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. शेजारचे धोंडबा तसे गेले होते. सिलिंडरसाठी रात्रंदिवस कोण धावलं, कोणत्या दारातून हात हलवत परत आलं, सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं. फक्त धोंडबांच्या जागी बाबांना झोपवलं. आणि खरं धावले होते ते बाबाच, त्यांना गोष्टीतून काढलं. मुलाखत घेणाऱ्या नीला मॅडमनी म्हणे चष्मा काढून डोळे पुसले.

पण या कंपनीची एक रीत होती. नवी पोरं चार महिन्यांत नोकरी सोडतात, म्हणून घरच्यांना चहाला बोलवायचं आणि मगच नोकरीचं पत्र हातात द्यायचं. तसा निरोप आला तेव्हा मिनलला घरी सगळं सांगावंच लागलं. कोणी ओरडलं नाही. मिनलचे बाबा देवराव तव्यापाशी उभे होते. "मेल्याची बातमी उठली का माणसाचं आयुष्य वाढते म्हणतात," एवढंच म्हणाले. पण ती पोळी करपली, आणि देवरावांची पोळी कधी करपत नाही.

आज सकाळी जयानं टिकली काढून आरशावर चिकटवली. कपाळावर पंचवीस वर्षांचा फिक्कट ठिपका राहिला. मिनलनं त्यावर पावडर चोपडली, आईच्या डोळ्यांकडे न बघता. हिरव्या बांगड्या मात्र मनगटातून सरकेनात. तेव्हा देवराव उठले आणि मोरीतला साबण आणून तिच्या हातावर ठेवला.

"आता फोडू नोको," ते म्हणाले. "साबणानं निघतात."

स्कूटरवर तिला आणून सोडलं ते त्यांनीच. स्वतः खाली चहाच्या टपरीवर थांबायचं ठरलं होतं. पण नीला मॅडमनी सहीसाठी कागद पुढे केला आणि जयाच्या लक्षात आलं, चष्मा स्कूटरच्या डिक्कीत राहिला. तिनं फोन केला तसा तो घेऊन देवराव वर आले. धुतलेला शर्ट, केसांना तेल, आणि काचेच्या दाराशी पायातल्या चपला काढून अनवाणी.

"अहो, चपला राहू द्या," नीला मॅडम हसल्या. "हे कोण, मिनल?"

मिनल आईकडे बघू लागली.

"मामा," देवराव म्हणाले. "पोरीचा मामा. काटोलले राहतो. संत्र्याचं काम हाय आपलं."

इतक्या सफाईनं म्हणाले की जयाच्या लक्षात आलं, माणूस खाली टपरीवर बसून हेच घोकत होता.

"बसा ना मामा. बहिणीला तुमचाच आधार असेल."

"हो जी. आता मीच हावो."

जयाचे कान तापले. तिनं कागदावर सही केली. सही वाकडी आली. मिनलचं पत्र टेबलावरच होतं, पाकिटात, वर नाव छापलेलं.

तेवढ्यात बायकांचा घोळका आत आला. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता, ऑफिसात हळदीकुंकू ठेवलं होतं. नीला मॅडमनी ताट स्वतःच्या हाती घेतलं. गौरांगच्या आईला हळदीकुंकू लागलं, तिळाची वडी मिळाली, वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. "स्टीलची आहे हो!" ती खुलली.

जयानं मान खाली घातली. ताट आता पुढे जाईल. जाऊ दे. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, मग पत्र, मग घर.

ताट तिच्यासमोरच थांबलं.

"ताई, माझे बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते," नीला मॅडम हळू बोलत होत्या, फक्त तिला ऐकू जाईल इतकं. "हळदीकुंकवाच्या दिवशी आई स्वयंपाकघरात जाऊन बसायची. डबे पुसायची. पुसलेलेच डबे परत पुसायची. माझ्या ताटातून कोणी सुटायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. लावू ना?"

ही गोष्ट कोणत्याच क्लासमध्ये बसवलेली नव्हती. त्यांचं बोट कुंकवात बुडालेलं होतं.

जयानं लेकीकडे पाहिलं. मिनल पाकिटाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला, बरणी फोडून उभ्या राहिलेल्या.

जयानं नवऱ्याकडे पाहिलं. देवराव आपल्या अनवाणी पायांकडे बघत होते. उजव्या हाताच्या बोटावर तव्याचा चटका होता, परवाचा.

पंचवीस वर्षांत तिनं त्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं.

"लावा बाई," ती म्हणाली. "भरून लावा. पण हे पोरीचे मामा नाहीत. देवराव नाव हाय त्याइचं. माहे मालक हायेत, अन् जिते हायेत."