उजवा उंबरा

“उजवी बाजू ह्या नापासाची,” पप्पा म्हणाले. “शंभरदा सांगितलं, गंजका पत्रा काप, नवा लाव. ऐकतोय कुणाचं?”

“खोटं बोलताय तुम्ही,” मी म्हटलं.

“बघ. बापाला तोंडावर खोटारडा म्हणतोय.”

हे ज्यांना ऐकवणं चाललं होतं ते पेंटरकाका, पप्पांचे लहानपणचे दोस्त, आमच्या गाडीशेजारी उकिडवे बसले होते. हातात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमाल. काका कुठलीही जुनी गाडी आधी चुंबकाने बघतात, डोळ्यांनी नंतर. आत लोखंड असेल तर चुंबक चिकटतं, नुसती पुट्टी थापली असेल तर पडतं. डावीकडे ते असं चिकटलं की काकांना ओढून काढावं लागलं. उजवीकडे टपकन पडलं. परत लावलं, परत पडलं. मग काकांनी ते खिशात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानेच माझं डोकं सटकलं.

गाडीला आम्ही म्हातारी म्हणतो. ती पप्पांपेक्षा वयाने मोठी आहे, दोन दारांची, मागून गोल. एका डॉक्टरांच्या अंगणात सडत पडली होती, तिथून पप्पांनी दोरीने ओढून आणली. तेव्हापासून घरात आधी तिची सोय, मग आमची. मोरीत तिचा रेडिएटर, जेवायच्या टेबलावर कार्ब्युरेटर, आणि गॅसची एक शेगडी आईने वापरायची नाही, कारण तिच्यावर नटबोल्ट उकळत असतात. मी नववीत दोनदा आपटलो आणि शाळा सोडली, तेव्हा पप्पा म्हणाले, चला, म्हातारीला नोकर मिळाला.

दाराखाली पत्र्याची जी आडवी पेटी असते तिला आम्ही उंबरा म्हणतो. बाहेरून बघितलं तर पाय ठेवायची पट्टी वाटते, पण गाडीचं अख्खं अंग त्याच्यावर तोललेलं असतं. म्हातारीचे दोन्ही उंबरे गंजून चाळण झालेले. पप्पांनी पैज लावली. डावा तुझा, उजवा माझा.

वेल्डिंग मी कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे शिकलो. मी डावा उंबरा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, घराच्या पायरीवर ठोकून पत्रे वाकवले, जोडले. भुवया जळल्या. पप्पांना वेल्डिंग येत नाही. “माझ्या डोळ्यांना सोसत नाही,” म्हणतात. खरं म्हणजे ठिणगी उडाली की त्यांची टरकते. त्यांनी काय केलं, तर भोकात स्वतःचा जुना पायजमा कोंबला, वर जाळी लावली, जाळीवर पुट्टी. ती पुट्टी आईने स्टीलच्या ताटात कालवून दिली होती. वरून पॉलिश पेपर असा घासला की विचारू नका. गालासारखी गुळगुळीत बाजू. तिच्याशेजारी माझी बाजू म्हणजे देवीचे व्रण आलेलं थोबाड. मी म्हटलं होतं, पप्पा, वजन येतं त्याच्यावर. तर म्हणे, “खाली डोकं घालून कोण बघतंय?”

काका बघतात ना.

काकांचं वर्कशॉप दुसऱ्या शहरात आहे. मोठमोठ्या लोकांच्या जुन्या गाड्या येतात तिथे. वर एक खोली आहे, पोरं तिथेच राहतात. काकांनी फोनवर सांगितलं होतं, म्हातारी बघतो आणि पोराचा हातही बघतो, पटला तर लगेच घेऊन जातो. माझी पिशवी भरलेली होती. ह्या घरातून सुटायची मला दुसरी वाट नव्हती.

“मग डावीकडचं वेल्डिंग कुणाचं?” काकांनी विचारलं.

“माझं,” पप्पा म्हणाले.

म्हणजे स्वतःचं शेण माझ्या अंगावर टाकलं ते टाकलंच, वर माझं कामही नेलं. आई दारात उभी होती, ओले हात नॅपकिनला पुसत.

“आई, सांग ना. पुट्टी तू कालवलीस.”

आईने पप्पांकडे बघितलं, मग नॅपकिनकडे.

“मला त्यातलं काय कळतंय,” ती म्हणाली. “भावजी, चहा टाकू? साखर चालते ना?”

मी कोपऱ्यातला जॅक ओढत आणला आणि उजव्या उंबऱ्याखाली सरकवला, बरोबर मधोमध. दांडा लावला आणि पप्पांच्या हातात दिला.

“माझं काम आहे ना? मग उचला. तुटलं तर मी नालायक. काकांसमोर होऊन जाऊ दे.”

पप्पांनी दांड्याकडे बघितलं. आत काय आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. इथे नको लावू, ही बाजू मी केलीय, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी वाचली असती. मी वाट बघत होतो.

ते खाली बसले आणि दांडा फिरवायला लागले.

आधी काहीच झालं नाही. मग पुट्टीला बारीक चीर गेली आणि अंड्याचं टरफल निघावं तसे तुकडे पडले. जाळी वाकली. आतून पायजम्याची नाडी लोंबायला लागली. जॅक वर चढत होता आणि गाडी होती तिथेच, तो नुसता तिच्या पोटात शिरत होता. मग वरून कर्र आवाज आला, दाराची चौकट तिरकी झाली.

“पप्पा, बस,” मी म्हटलं.

त्यांनी अजून एक फेरा दिला. मागची गोल काच तडकली. ती काच त्यांनी कुठून कुठून शोधली होती. बसमधून मांडीवर घेऊन आणली होती, तान्हं पोर आणावं तशी. काच तडकल्यावरही त्यांचा हात चालूच.

“लेका, सोड,” म्हणत काकांनी दांडा धरला.

पप्पा उठले, गुडघे झटकले. “बघितलंस ना ह्याचं काम?”

काका मला फाटकापाशी घेऊन गेले. मी मागे वळून पिशवीचं सांगणार होतो.

“डावा उंबरा तुझा आहे,” काका म्हणाले. “मला बघताक्षणी कळलं. तुझा बाप काडी ओढतानाही मान फिरवतो, तो काय वेल्डिंग करणार. तुला गाडीत बसवून नेणारच होतो मी. आधी त्याची थोडी बडबड होऊ दे म्हटलं.”

“मग घ्या ना.”

“उंबरा मोडणार हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि दांडा त्याच्या हातात दिलास.”

“फिरवला त्यांनी.”

“फिरवला. तो तसाच आहे, लहानपणापासून.” काकांनी रुमालाची घडी केली. “हात मस्त आहे तुझा. पण माझ्याकडे लोकांच्या गाड्या असतात, पोरा. मला झोप लागायला हवी.”

चहा न घेताच गेले.

मी परत आलो तर आई पुट्टीचे तुकडे सुपलीत भरत होती. पप्पा म्हातारीच्या डाव्या अंगाला बसून माझ्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवत होते, सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“डावीकडचं बरं जमलंय तुला,” ते म्हणाले. “काय झालं? नाही नेलं?”

मी जॅकचा दांडा काढून घेतला.

“नेणार नव्हताच. बरं झालं. आता उजवाही तूच करायचा. मग चौकट. मग म्हातारीची फरशी. वर्ष दोन वर्षं कशी जातील कळणारही नाही तुला.” आणि हसले. खरंच खूश होते.

तेव्हापासून मी मागच्या जिन्यात बसून हे लिहितोय. पिशवी आईने रिकामी केली, कपडे घडी घालून कपाटात ठेवले, मला न विचारता. खाली ग्राइंडर लावून झालाय. “नापास, कुठे मेलास? पत्रा धरायला ये.” ही तिसरी हाक. जातो, आता जायलाच हवं.