नाकावरची अक्षत

मित्रांनो, मी एका लढाऊ विमानाचा छोटा, जुना लाकडी नमुना आहे. ज्या विमानासाठी मला घडवलं, ते पुढे कधी बांधलंच गेलं नाही. तेव्हा माझ्या चेहऱ्यामोहऱ्याचं विमान कुणी आकाशात शोधू नका.

माझा जन्म फ्रान्समधला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथले विमानांचे कारखाने मोडकळीला आले होते. देश शत्रूच्या ताब्यात होता त्या वर्षांत बाकीचं जग जेट इंजिनापर्यंत पोचलं होतं. आजारपणात शाळा बुडालेलं मूल जसं एकदम सगळी पुस्तकं उघडून बसतं, तसं तिथल्या अभियंत्यांनी केलं. कुणी जेटच्या जोडीला रॉकेट बसवलं. कुणी चाकं काढून टाकली आणि विमान घसरपट्ट्यांवर उतरवलं. कुणी पंखाचं गोल कडं करून विमान शेपटीवर उभं केलं. त्यांतली बरीचशी विमानं एक-दोनच झाली. काही कोसळली, काहींनी वैमानिकाला सोबत नेलं. त्या धडपडीतूनच पुढे त्रिकोणी पंखांची फ्रेंच विमानं जगभर गेली.

मीही त्रिकोणी पंखांचाच. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून मला घडवलं, आणि वर तांबूस वार्निश दिलं. मग विमानांचे नमुने तपासायला जिथे पंख्याने जोराचा वारा सोडतात, त्या वाऱ्याच्या बोगद्यात मला एका दांड्यावर बसवलं. समोरून वारा सुटला. नाक सरळ होतं तोवर सगळे खूश होते. पण नाक वर उचललं की मी डावीकडे ओढला जाऊ लागलो. ‘हे विमान गिरक्या घेत खाली येईल,’ असं ठरलं आणि मला पेटीत घातलं. पुढे माझ्या अभियंत्यांपैकी एक जण अमेरिकेत शिकवायला आला, तेव्हा ती पेटीही ॲन आर्बरच्या विद्यापीठात आली. तो गेल्यावर मी प्रयोगशाळेच्या माळ्यावर पडून राहिलो. माझ्यावर जुने पंखे आणि वायरींची भेंडोळी रचली गेली.

तिथून मला रुचाने काढलं. ती पुण्याहून पीएचडी करायला आलेली मुलगी. तिने मला बारीक पॉलिश पेपरने घासलं, तसंच तांबूस वार्निश दिलं आणि सप्टेंबरात बोगद्यात बसवलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या आराखड्यावर तेव्हा अन्याय झाला. आणि खरंच, नाक वर उचललं तरी मी सरळ राहिलो! तिचे प्रोफेसर केलर नुसतेच “बघू” म्हणाले. ऑक्टोबरात त्यांच्या समोर पुन्हा चाचणी व्हायची होती. ती साधली तर विषय मंजूर होणार होता. नाहीतर तिला नवा विषय घ्यावा लागणार होता आणि मी कचऱ्याच्या डब्यात जाणार होतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच पुण्याहून आईचा फोन आला.

“हत्यारांची पूजा केलीस का गं?”

“आई, माझ्याकडे कुठली हत्यारं?”

“ते विमान आहे ना तुझं? त्याच्यावरच चाललंय ना सगळं? आणि कुंकू ओलं करून लाव, कोरडं उडून जातं.”

रुचाने मला पुसलं, नाकाच्या टोकावर ओल्या कुंकवाचं बोट लावलं, वर डबीतल्या अक्षता टाकल्या आणि दुकानातून आणलेल्या कुंडीतलं शेवंतीचं फूल ठेवलं. शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी यतीन सँडविच खात होता.

“माझ्या लॅपटॉपला पण लाव यार. रोज हँग होतो.”

“आधी त्याच्या कीबोर्डमधले ब्रेडचे तुकडे काढ. देवाला असला नैवेद्य चालत नाही.”

संध्याकाळी तिने फूल उचललं, अक्षता झटकल्या, कुंकू पुसलं. निदान तिला तसं वाटलं. कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा माझ्या नाकाला डावीकडे चिकटून सुकला होता. माझा रंग तांबूस, त्याचाही तांबूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी केलरांच्या समोर वारा सुटला. नाक सरळ असताना सगळं ठीक होतं. मग दांडा हळूहळू कलू लागला. नाक वर, आणखी वर. पंखाचा सांधा कुरकुरला. आणि तीच जुनी ओढ आली, डावीकडे! मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला आवाज कुठला? काचेपलीकडे रुचाचा चेहरा उतरला.

“लाकूड वाकलंय,” केलर शांतपणे म्हणाले. “बिल्डिंगचं हीटिंग सुरू झालं, हवा सुकली. तेव्हा फ्रान्समध्येही हेच झालं असेल. रुचा, याच्यावर वर्षं घालवू नकोस. आज खाली उतरव याला.”

केलर कॉफी आणायला गेले. रुचा बोगद्यात शिरली आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“काढ आता,” यतीन हळूच म्हणाला.

“थांब. लाकूड वाकलं असतं तर नाक सरळ असतानाही हा थोडा तरी ओढला गेला असता. हा फक्त नाक वर केल्यावर ओढला जातोय, आणि नाक वर असलं की वाऱ्याचे भोवरे नाकाच्या टोकावरूनच सुटतात. म्हणजे बिघाड अंगात नाही, नाकात आहे.”

तिने माझ्या नाकावरून नखाची कड फिरवली. कड अडली. ती एकदम थबकली.

“यतीन... अक्षत आहे ही. कालची.”

“मग पुसून टाक! म्हणावं, पुन्हा चालवून बघू. कुणाला कळणारे?”

“आणि सकाळचे आकडे? ते कशामुळे आले म्हणून सांगू?”

“अगं, पूजा केली म्हणून सांगणार? जन्मभर हसतील.”

रुचाने तांदूळ तसाच राहू दिला. केलर आल्यावर तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते. केलरांनी वाकून माझं नाक निरखलं. ते हसले नाहीत.

“एवढ्याशा दाण्याने?” ते म्हणाले. “दाखव.”

रुचाने दाणा काढला. वारा सुटला, नाक वर गेलं. मी सरळ राहिलो. मग तिने डबीतली दुसरी अक्षत ओली करून माझ्या नाकाला उजवीकडे लावली. वारा पुन्हा सुटला आणि मी उजवीकडे ओढला गेलो. केलरांनी तिन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

“त्या डबीत आणखी तांदूळ आहेत?”

मित्रांनो, फ्रान्समध्ये माझ्या नाकावर काय होतं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित वार्निशचा एखादा थेंब असेल. रुचाच्या पॉलिश पेपरने तो गेला असेल. तेव्हा माझ्या नाकावरून कुणी नख फिरवलं नाही, आणि एक विमान कागदावरच राहिलं. तुमच्या माळ्यावरही एखादी वस्तू पडून असेल, बिघडली म्हणून टाकलेली. ती फेकण्याआधी एकदा हातात घ्या, पुसा आणि तिच्यावरून बोट फिरवा. रुचाचा विषय मंजूर झाला आणि मी अजून त्या दांड्यावर आहे. दर खंडेनवमीला रुचा मला आजही कुंकू लावते, फक्त आता शेपटीला.