महाराजांच्या मुठीतली वीज

"आकाशातली वीज माझी दासी आहे! मी मूठ आवळली की ती पडते, मी हुकूम केला की थांबते!"

विजेश्वर महाराजांची ही गर्जना मागच्या रांगेपर्यंत पोचली नाही. लाईन गेलेली होती, त्यामुळे भोंगा बंद होता. महाराजांनी घसा खाकरला आणि तीच गर्जना पुन्हा केली.

हसलं मात्र कोणी नाही. आलापल्लीपलीकडच्या त्या गावात घरोघरी पोरं तापानं कुडकुडत होती, आणि महाराजांनी सकाळीच निदान केलं होतं : हा ताप नाही, करणी आहे. करणारी बाई गावातलीच आहे आणि विजेचा डोळा तिला ओळखणार आहे.

विजेचा डोळा म्हणजे शेंदूर फासलेली एक लाकडी पेटी. काळ्या कापडाच्या अंधाऱ्या मांडवात ती उंच पाटावर ठेवली होती. तिला समोर एक भोक होतं. गावातल्या बायांनी एकेक करून तिच्यासमोर हात जोडून उभं राहायचं. बाई निर्दोष असली तर पेटी गप्प. पापी असली तर वीज.

आरोग्य उपकेंद्राची नर्स नाहीद मांडवाच्या कडेला उभी होती. वीज कोणावर पडणार, हे तिला पेटीच्या आधीच कळलं होतं.

गावची म्हातारी दाई बुधरी नाहीदबरोबर घरोघर फिरायची. पोरांची बोटं धरून द्यायची, मग नाहीद सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायची. हिवतापाची तपासणी ती एवढीच. पण 'ह्या दोघी पोरायचं रक्त नेतात' अशी कुजबुज गावात होतीच. महाराजांनी फक्त फुंकर घातली. त्यातच महाराजांनी तापावर दिलेली राख बघून बुधरी चारचौघांत बोलून गेली होती, "राखेनं ताप उतरत असता तं माही चूलच दवाखाना झाली असती."

महाराजांना विनोद आवडत नसावेत.

लालसूची पोरगी दोन दिवसांपासून डोळे उघडत नव्हती. लालसूजवळ कुऱ्हाड होती. ह्या भागात माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असण्यात नवं काही नाही. त्या दिवशी ती खांद्यावर नव्हती, हातात होती.

एकेक बाई पेटीसमोरून गेली. पेटी गप्प. मग बुधरी आली, हात जोडून, मान ताठ करून उभी राहिली.

लख्ख उजेड पडला! महाराजांनी घणघण घंटा बडवली. बाया किंचाळल्या.

"हेच ती!" कोणीतरी ओरडलं. "बांधा तिले!"

बुधरी खाली बसली. तिच्याभोवतीची माणसं पुढे सरकली. पण नाहीदच्या डोळ्यांनी एक गोष्ट टिपली होती : वीज पडायच्या आधी भोकाच्या आत एक लाल ठिपका लुकलुकला होता. आणि घंटेच्या आवाजाखाली काहीतरी किर्रर्र वाजलं होतं.

असाच ठिपका तिनं मागच्या आठवड्यात चंद्रपूरच्या एका दुकानात पाहिला होता. हैदराबादच्या सहलीसाठी ती आणि नवरा रईस कॅमेरा घ्यायला गेले होते. रईसला लांबचं जवळ दाखवणारा भला मोठा हवा होता.

"अगं, वाघ दिसला तं?"

"वाघ दिसल्यावर तुम्ही फोटो काढाल, का मले पुढं कराल?"

तिला पर्समध्ये मावणारा, रिमोटवाला छोटा कॅमेरा हवा होता. लग्न झाल्यापासून एकाही फोटोत दोघं एकत्र नव्हते. एक जण फोटोत, तर दुसरा बटणावर. दुकानदारानं करून दाखवलं : समोर उभं राहून रिमोट दाबला, लाल दिवा लुकलुकला, मग फ्लॅश, मग रीळ सरकल्याची किरकिर. तोच कॅमेरा घेतला होता. रईस रिमोट हरवेल म्हणून तो तिनं आपल्याच पर्समध्ये ठेवला होता.

"अजून एक आहे!" महाराज गरजले. "रक्त नेणारी!"

सगळ्या माना नाहीदकडे वळल्या. लालसूही वळला. पळावं, असं तिला फार वाटलं. पण बुधरी जमिनीवर होती.

"येते नं समोर," ती म्हणाली. "पण आधी महाराजच उभे राहू द्या. देवमाणसाले कायची भीती?"

पोलीस पाटील रामाजींनी मान हलवली. "बरोबर हाय. तुमच्यावर पेटी गप राह्यली, म्हणजे लोकायची खातरी होईन, महाराज."

वीज आपल्याच मुठीत आहे म्हटल्यावर महाराज हसत उभे राहिले. नाहीद महाराजांच्या बाजूला, पेटीच्या समोर सरकली. पर्समध्ये हात घातला. देव करो आणि पेटीतला कॅमेरा आपल्यासारखाच असो. तिनं रिमोट अर्धा बाहेर काढून दाबला.

लाल ठिपका. लख्ख!

"माता... माता प्रसन्न झाली," महाराज म्हणाले.

लख्ख!

"फारच प्रसन्न झाली."

लख्ख! मग पेटी किर्रर्र करत सुटली आणि थांबेचना. आतलं रीळ संपून उलटं गुंडाळलं जात होतं. महाराज घंटेकडे धावले, पण घंटा रामाजींनी आधीच काखेत मारली होती.

लालसूनं कुऱ्हाड उचलली. नाहीदनं डोळे मिटले. कुऱ्हाड पेटीच्या फळीवर पडली आणि आतून चंदेरी रंगाचा एक छोटा कॅमेरा बाहेर आला. रामाजींनी महाराजांची मूठ उघडली. आत नाहीदकडे होता तसाच रिमोट.

"ह्या पेटीले पाप दिसत नाई," नाहीद म्हणाली. "बटन दाबणारा ज्याच्यावर म्हणन, त्याच्यावर उजेड. ताप डासानं येते, बाईनं नाई. लालसूभाऊ, पोरीले आत्ता दवाखान्याच्या जीपमध्ये टाका, गोळ्या मी सुरू करते. आणि उद्या कोणी बुधरीबाईवर, माह्यावर, कोणावरही बोट दाखवलं, तं आधी विचारा : तुले कसं कळलं? दाखव."

लालसू बुधरीकडे न बघता पोरीला आणायला धावला. जमाव पांगला. नाहीदनं बुधरीला हात धरून उठवलं.

"बाई," बुधरी हळूच म्हणाली, "म्हणजे त्यानं माहा फोटू काढला?"

"हो, माय."

"मी भेवानं डोळे मिटले होते वो. दुसरा काढून देशीन का?"