टाकीखालची जागा

आईच्या पर्सची चेन खर्रकन ओढली गेली आणि घरातली शांतता मोडली. भुंग्यानं डोळे उघडले. लेकीला आम्ही भुंगा म्हणतो. जागी असेपर्यंत तोंड बंद नाही.

"अगं, हळू! आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा."

"मग मी एकटी जाते," आई म्हणाली. चपला घालून तयारच होती.

आई तान्ही असताना तिची आई याच शहरात तापानं गेली. जाताना ती माझ्या आत्ताच्या वयाहूनही लहान होती. आईला वाढवलं मावशीनं, आणि मावशीलाही ती मावशीच म्हणायची. कुठे पुरलं, याचा माग एवढाच: भिंतीचा कोपरा, वर पाण्याची उंच टाकी. भुंगा दिवसभर "आई, आई" करून मला वीट आणते, ते ऐकता ऐकता आईनं एक दिवस भाजी निवडताना म्हटलं, "मी कुणालाच मारली नाही गं ही हाक. एकदा मारायचीय."

काल तिनं केस काळे केले. जन्मात पहिल्यांदा. कानाची पाळीसुद्धा रंगली. "कुणाचं लग्न आहे?" मी चिडवलं. ती ओल्या फडक्यानं पाळी पुसत राहिली.

शेवटी आम्ही तिघीही निघालो. पहिल्या दोन दफनभूमींत टाकीच नव्हती. तिसरीत होती, गंजलेली, ठिबकणारी. खाली कोपऱ्यात एकच कबर, आणि तिच्यावर नाव कुणा पुरुषाचं. एक बाई तिथल्या रोपांना पाणी घालत होत्या.

"जागा हीच असणार," राखणदार म्हणाला. "वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही की त्याच जागेत दुसऱ्याला ठेवतात. आधीचं माणूस खालीच राहतं. मेल्यावरही पोटभाडेकरू!"

"माझे सासरे आहेत हे," त्या बाई म्हणाल्या. "जन्मभर शेजारी कुणाला टेकू दिलं नाही, आणि आता घरातच बिऱ्हाड निघालं!" मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कोण तुमच्या?"

"आई."

"अगंबाई. बसा ना, बसा. मी जरा पाणी भरून आणते."

त्यांची झारी काठोकाठ भरलेली होती. ती तशीच घेऊन त्या गेल्या.

आई मातीत बसली. दोन्ही हातांनी केस सारखे केले. बराच वेळ नुसतेच ओठ हलले. मग म्हणाली, "आई."

सवयीनं माझ्या तोंडून "काय गं?" निघणारच होतं. मी ओठ दाताखाली धरला.

भुंगा कधी नव्हे ती गप्प होती. आजीच्या मानेवरच्या सुरकुत्या बघत होती. मग माझी ओढणी ओढून कानाशी आली.

"आई, तेव्हा आजी बाळ होती ना? आता तर केवढी म्हातारी झालीय. मग तिच्या आईला कसं कळणार, ही तीच आहे?"