आजोबांना दाखवलं का?

मी जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. माझं पांढरं अंग पिवळट पडलं आहे, माझा पंखा सुरू झाला की खोलीतल्यांना आवाज चढवावा लागतो, आणि कळफलकावरची काही अक्षरं पार पुसून गेली आहेत. तरीही मी ज्या कचेरीत बसतो, तिथून माझ्या होकाराशिवाय काहीही बाहेर जात नाही. एवढा मान किती जणांना मिळतो, सांगा बरं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी ताज्या दमाचा होतो. खोक्यातून मला बाहेर काढलं ते ताईंनी. शिंप्याच्या दुकानावरची खोली घेऊन त्यांनी नुकतंच वेबसाइट बनवण्याचं काम सुरू केलं होतं. खाली शिवणयंत्राची घरघर, वर माझी. पहिली वेबसाइट त्या शिंप्याचीच, आणि ती माझ्यावर बनली. शिंपी जिना चढून वर आला, पडद्यावर आपल्या दुकानाचं नाव पाहून हरखला, आणि त्याने मला मापाने शिवलेलं कापडी आच्छादन भेट दिलं.

पुढे सडपातळ नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी खिडकीशेजारच्या कोपऱ्यात झाली. कुणी माझ्यावर डबा ठेवी, कुणी ओली छत्री. मला फार वाईट वाटे.

मग एके दिवशी ताई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. वेबसाइट उघडून दाखवणारा जो ब्राउझर असतो, तो माझ्याजवळ फार जुना होता. नवं काही शिकायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. ताईंच्या मनात आलं की जगात असे ब्राउझर घेऊन बसलेले लोक पुष्कळ असणार. त्या दिवसापासून नियम झाला: प्रत्येक नवं पान आधी मला दाखवायचं. मला ते नीट उघडता आलं, तरच ते लोकांसमोर जायचं. माझं नाव आजोबा पडलं. काम झालं असं कुणी म्हटलं की ताई मान वर न करता विचारत, "आजोबांना दाखवलं का?"

ताईंच्या धाकट्या भावाला घरीदारी सगळे छोटू म्हणतात, जरी त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागतं आणि कानशिलावर केस पिकले आहेत. त्याला नव्याचं भारी वेड. पान मांडायची एक नवी रीत निघाली होती. पानावर न दिसणाऱ्या चौकटी आखायच्या, आणि मजकूर, चित्रं, बटणं आपापल्या घरात नेऊन बसवायची. दिवसभराचं काम चार ओळींत होई. पण काही ब्राउझरांना ती रीत पूर्ण कळे, काहींना अर्धवट, आणि मला मुळीच नाही. माझ्या पडद्यावर सगळं एकमेकांच्या अंगावर कोसळे. छोटू डोक्याला हात लावी. ताई म्हणत, नवं आणायचंच, पण ज्याला ते कळत नाही त्याच्याही हाती काहीतरी पडलं पाहिजे.

त्याच सुमारास डायलिसिस केंद्राचं जुनं पान नव्याने करायचं काम आलं. रुग्णांनी आपली वेळ स्वतः ठरवायची, असं ते पान होतं. ताईंचे काका रक्त शुद्ध करून घ्यायला तिथेच जात. छोटूने मन लावून नव्या रीतीने पान मांडलं.

एका निवांत दुपारी छोटूने माझी धूळ पुसली, पंख्यातली जळमटं काढली, आणि माझ्यात नवाकोरा ब्राउझर घातला. "आजोबा, तुम्हीच का म्हणून मागं राहायचं?" असं तो म्हणाला, आणि मी विरघळलो. पुढे केंद्राचं पान माझ्यासमोर आलं, ते मी असं झोकात दाखवलं की ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ब्राउझर बदललाय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला हवं हे छोटूच्या ध्यानीमनीही नव्हतं. पान लोकांसमोर गेलं.

काकांचा फोन माझ्याच पिढीतला. त्यांच्या फोनवर केंद्राच्या इमारतीचा फोटो वेळ घ्यायच्या बटणावरच येऊन बसला. काका मोठे मानी. बटण दिसेना, तेव्हा वेळा भरल्या असतील असं त्यांनी ठरवलं, आणि त्रास नको म्हणून कुणाला न सांगता डायलिसिसविना घरीच राहिले. एका सकाळी काकूंचा फोन आला. काकांचे पाय सुजले होते, त्यांना धाप लागत होती. बहीणभाऊ तसेच धावले. केंद्राने काकांना तातडीने आत घेतलं, आणि संध्याकाळी ते उठून बसले, तेव्हा पानावर बटणच दिसलं नाही असं त्यांनी सांगितलं. छोटूने त्याच संध्याकाळी जुनं पान परत लावलं.

दुसऱ्या दिवशी छोटूने काकांचा फोन आणून माझ्याशेजारी ठेवला आणि दोन्हीकडे नवं पान उघडलं. माझ्यावर ते देखणं दिसत होतं. फोनवर बटणाचा पत्ता नव्हता. त्याने ताईंना बोलावून घेतलं.

"ताई, आजोबांना मीच नवं केलं," तो म्हणाला. "इथे अडायला हवं होतं, ते अडलंच नाही."

ताई रागावल्या नाहीत. "परत होते तसे कर त्यांना," एवढंच म्हणाल्या.

नवा ब्राउझर गेला तेव्हा मला जरा हुरहूर लागली. मग छोटू स्टूल ओढून बसला. त्याने आधी साधं पान लिहिलं, एकाखाली एक, ठळक बटण सगळ्यांत वर. त्यावर नवी मांडणी चढवली आणि ब्राउझरला सांगून ठेवलं की हे कळत असेल तर घे, नाहीतर सोडून दे. मला ते कळलं नाही आणि मी सोडून दिलं. साधं पान मात्र माझ्या पडद्यावर स्वच्छ उमटलं, आणि तेवढा अभिमान मला माझ्या तरुणपणीही वाटला नव्हता.

चार दिवसांनी काकांनी छोटूला फोन केला. "सोमवारची सकाळ मिळाली रे. कुणाला विचारावं नाही लागलं." छोटूने फोन खाली ठेवला. त्याने माझं आच्छादन उचललं, झटकलं आणि नीट घातलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं कुणी असेल. त्याची धूळ पुसा. त्याच्यावर ओली छत्री ठेवू नका. तुम्ही खुशाल नवं शिका, नवं करा, आणि केलं की मला आणून दाखवा. मला मात्र नवा करू नका. काकांचा फोन अजून तोच आहे.