मांडीवरची पेटी

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी प्रसूती विभागातल्या मुलींनी त्यांना मधमाश्यांची पेटी भेट दिली. पेटी सिस्टरांची होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण दुसऱ्या दिवसापासून घरात ते कुणी म्हणेनासं झालं.

घरात म्हणजे साहेब. सिस्टरांचे यजमान. दुसऱ्यांच्या रजा आणि बदल्या मंजूर करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी मधमाशीपालनाचा तीन दिवसांचा वर्ग केला, प्रमाणपत्र दिवाणखान्यात टांगलं आणि पेटीचा कार्यभार स्वीकारला. रोज सकाळी झाकण उघडून तपासणी. माश्यांना काम करू द्यायचं सोडून त्या कामावर आहेत की नाहीत हेच बघणं चालायचं. सिस्टर काही सुचवायला गेल्या की उत्तर ठरलेलं, "अगं, तू वर्ग केलेला नाहीस."

पेटीत दाटी झाली, माश्या दाराबाहेर लोंबायला लागल्या, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अहो, यांना जागा कमी पडतेय. वर आणखी एक मजला चढवा."

"विचार चालू आहे," साहेब म्हणाले.

विचार चालू असतानाच एका सकाळी निम्म्या माश्या राणीला घेऊन निघाल्या. अंगणावर काळा ढग घोंघावला, कुंपणावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. साहेब हात वर करून खाली बोलावत राहिले. वरिष्ठांचं न ऐकणारे कर्मचारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

वर्गाचे मास्तर येऊन पेटी बघून गेले. "घाबरू नका," ते म्हणाले. "जुनी राणी थव्याबरोबर गेली. ही शेंगांसारखी घरं दिसतात ना, त्यांतून नवी निघेल. जी आधी निघेल ती बाकीच्यांना संपवेल. मग आठवडाभरात एखाद्या उबदार दुपारी ती उडेल, वर हवेत नरांना भेटेल आणि परत येईल. ती एकटीच आहे. हरवली, तर पेटी संपली. म्हणून अंडी दिसेपर्यंत हात लावायचा नाही."

"किती वाजता परत येईल?" साहेबांनी वही उघडली.

"सांगून जात नाही ती."

सिस्टरांना यात काही नवं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कान उघडे ठेवायचे, हात आवरायचे आणि ज्याची वेळ त्याला येऊ द्यायची. साहेबांच्या जिवाची मात्र घालमेल सुरू झाली. न विचारता बाहेर जाणारं कुणी आपणहून परत येतं, यावर त्यांचा कधी विश्वासच बसला नव्हता.

दोन आठवड्यांनंतरच्या एका दुपारी सिस्टर कपडे वाळत घालायला मागे आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. पेटी आठ पावलं लांब, झाडाखाली. पेटीच्या मूळ जागी खुर्ची, आणि खुर्चीत जाळीची टोपी घातलेले साहेब. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माश्याच माश्या.

"राणी उडालीय. मी स्वतः पाहिली. एक वाजून दहा मिनिटं," टोपीतून बारीक आवाज आला. "परत आल्यावर तिला ऊन लागू नये म्हणून पेटी सावलीत नेली. अंगणात सपाट फरशी एवढीच, म्हणून इथे बसलो. आता या सगळ्या माझ्याकडेच येताहेत."

"त्यांना पेटी नाही, जागा पाठ असते," सिस्टर म्हणाल्या. राणीही इथेच येणार. किंवा येऊन, घर न दिसल्यामुळे निघून गेली असणार. मग त्यांची नजर साहेबांच्या डाव्या बाहीवर गेली. लांब, सडपातळ, आखूड पंखांची एक माशी बाकीच्यांमधून वाट काढत होती.

"हलू नका."

"जाळीतून कानात एक शिरलीय."

"शिरू दे. बाहीवर राणी आहे. बोट हललं तरी चिरडेल."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीच केलं नाही. थव्यानंतर पेटी हलकी झालेली. सिस्टरांनी ती एकट्यानेच उचलून आणली, दाराचं तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवलं आणि सरळ साहेबांच्या मांडीवर ठेवली. राणी बाहीवरून मनगटावर आली, थोडी घुटमळली, आणि दारातून आत गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही रांगत निघाल्या. शेवटची माशी घरात जाईपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, साहेब पेटी मांडीवर घेऊन बसले होते. कान पुरीसारखा फुगला होता.

मास्तरांनी फोनवर सिस्टरांकडून सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना फोनवर बोलावून सांगितलं, "अंडी दिसेपर्यंत पेटी फक्त सिस्टर उघडतील. तुम्ही व्हरांड्यातून पुढे यायचं नाही." वरून आलेला आदेश साहेबांनी कधी मोडला नव्हता. ते व्हरांड्यात बसू लागले.

पाचव्या दिवशी सिस्टरांनी झाकण काढलं. कुणी मागून सूचना देत नव्हतं. माश्या आपापल्या कामात होत्या. त्यांनी मधली चौकट उजेडात तिरकी धरली, आणि प्रत्येक खणाच्या तळाशी एकेक पांढरं अंडं उभं दिसलं. इतका आनंद त्यांना निरोपाच्या दिवशीही झाला नव्हता.

"दिसली का गं अंडी?" व्हरांड्यातून हाक आली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते, वही हातात तयार होती.

आनंदाची बातमी घेऊन प्रसूती विभागाच्या दाराबाहेर यायला सिस्टरांनी एकतीस वर्षांत एका मिनिटाचाही उशीर केला नव्हता. त्यांनी चौकट अलगद खाली सोडली आणि झाकण लावलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."